अंगठेबहाद्दर

संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. "दिवाळीचा अंक आहे, घरातली लहानथोर सारी मंडळी वाचतात, तेव्हा जरा हलकेफुलके येऊ द्या," असेही पत्रात बजावले होते. मी कागद पुढे ओढून बसलोही होतो. परंतु गेले काही महिने एक विषय माझ्या डोक्यात असा ठाण मांडून बसला आहे की, कथेचा नायक पहिल्याच पानावर पायरीवर बसून आपली मांडी चाचपू लागला. तेव्हा म्हटले, कथेचे ढोंग कशाला? सरळ भांडावे. वाचकहो, फराळाच्या ताटापाशी बसून तुम्हाला आवाळवांविषयी वाचावे लागते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. मात्र हे वाचताना ज्याचा हात नकळत आपल्या खांद्याकडे, पाठीकडे किंवा मांडीकडे जाणार नाही असा वाचक विरळा, हेही सांगून ठेवतो.

आणि विषय दिवाळीला अगदीच सोडून आहे असेही नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे काय होते ते आठवा. अंधारात तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे, "गोविंदा, गोविंदा" म्हणून ओरडायचे आणि त्याआधी अंगाला तेल चोळून घ्यायचे. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस आपण आपले अंग घाईघाईने धुतो, पुसतो आणि कपड्यांत घालतो. हा एकच दिवस असा की, घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरून दुसऱ्या कुणाचा तरी मायेचा हात फिरतो. माझा असा समज आहे की, कोकणातली निम्मी आवाळवे नरकचतुर्दशीलाच सापडत असतील.

आमच्या घरातले तसेच सापडले. २०११ सालची दिवाळी. वहिनी दादाच्या पायाला तेल लावीत होती. उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला तिचा हात थांबला.

"हे काय हो?"

"काय नाय गो. चरबीची गाठ ती. कधीपासून हाय."

माझे भांडण या वाक्याशी आहे. "चरबीची गाठ आहे, काही नाही." हे वाक्य आपल्याकडे आजी म्हणते, न्हावी म्हणतो, शेजारचा निवृत्त तलाठी म्हणतो, आणि दुर्दैवाने अंगठ्याने गाठ दाबून पाहणारा पदवीधर डॉक्टरही म्हणतो. हे वाक्य खोटे असते तर त्याची मला भीती वाटली नसती. खोटे वाक्य फार दिवस टिकत नाही. हे वाक्य जवळजवळ नेहमी खरे असते, म्हणून ते घातक आहे. अंगावर येणाऱ्या मऊ गाठींत निरुपद्रवी गाठी शंभर असतील तर वाईट गाठ एखादी, असे या विषयातले जाणकार सांगतात. म्हणजे डोळे मिटून "काही नाही" म्हणणारा माणूस नव्याण्णव वेळा बरोबर ठरतो. असे यश पाहून कुणाही अज्ञान्याला आपण धन्वंतरी असल्याचा भास होईल! शंभरावा रोगी मात्र या घराचा पत्ता विसरून मुंबईची गाडी पकडतो, आणि त्याची हकीकत या डॉक्टरच्या कानी कधीच जात नाही.

मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, वर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या दोन परीक्षा. पोटासाठी शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. तेव्हा "मास्तर, तुम्हाला काय कळते?" हा प्रश्न कुणी विचारणार असेल तर तो विचारायलाच हवा. मला चित्र कळते. आणि हा सारा मामला शेवटी चित्राचाच आहे, हे मला दादाच्या मांडीने शिकवले.

दादा आंब्याच्या बागा करतो. त्याची गाठ तीन वर्षांत हळूहळू वाढली. दुखत नव्हती. आईने आपल्या परीने गूळ-चुना लावून पाहिला, कुणीतरी बिब्बा घालायला सांगितले होते तेवढे वहिनीने होऊ दिले नाही. गाठ कारिटाएवढी होती ती हाताच्या मुठीएवढी झाली. खुर्चीवर बसले की टोचू लागली तेव्हा कुठे दादा एका डॉक्टरांकडे गेला. त्यांचे नाव-गाव मी सांगणार नाही. माणूस वाईट नाही, हातालाही यश आहे, आणि मला एका माणसाशी भांडायचे नसून एका सवयीशी भांडायचे आहे. त्यांनी अंगठ्याने गाठ दाबली, हलवून पाहिली आणि म्हणाले, "चरबीची गाठ आहे. काढून टाकू." फोटो नाही, सोनोग्राफी नाही. दादानेही विचारले नाही. त्याला उलट बरे वाटले. फोटोचे पैसे वाचले! २०१४ च्या पावसाळ्यात जागच्या जागी भूल देऊन गाठ काढली. वहिनीला ट्रेमध्ये दाखवली. पिवळीधमक, लोण्याच्या गोळ्यासारखी. "बघा, नुसती चरबी." मग तो गोळा बादलीत गेला.

चार वर्षांनी, २०१८ च्या दिवाळीत, वहिनीचा हात पुन्हा त्याच जागी थांबला.

२०१९ च्या सुरुवातीला आम्ही दादाला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मांडीवरचा जुना व्रण पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कापण्याआधीचा फोटो कुठे आहे?" आम्ही गप्प. दुसरा प्रश्न, "काढलेल्या गाठीची तपासणी कुठे आहे?" आम्ही गप्प. मी वीस वर्षे वर्गात प्रश्न विचारीत आलो आहे. उत्तर न येणाऱ्या पोराच्या कानाच्या पाळ्या कशा तापत असतील ते मला त्या दिवशी कळले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त कागदावर काहीतरी लिहिले. असे रोगी त्यांच्याकडे नेहमीच येत असावेत, हे त्यांच्या न रागावण्यावरूनच समजले.

मग एमआरआय झाला, आणि त्याची फिल्म मी काचेच्या दिव्यावर पाहिली.

इथे मला थोडे मास्तरपण करू द्या. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि बायकोच्या हाताची हाडे अंगठीसकट जगाला दाखवली. पण क्ष-किरणांना हाडांचे वेड. मऊ मांसातली भानगड त्यांना धूसर दिसते. चरबी स्नायूंपेक्षा थोडी काळपट दिसते एवढेच. एमआरआयची तऱ्हा वेगळी. त्यात किरण नसतात, प्रचंड चुंबक असतो. आपल्या अंगातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरलेला आहे. त्या चुंबकात माणसाला ठेवून रेडिओच्या लहरींनी छेडले की हा हायड्रोजन उत्तर देतो, आणि त्या उत्तरांवरून यंत्र चित्र काढते. या विद्येसाठी लॉटरबर आणि मॅन्सफील्ड या दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यातली खरी मौज अशी की, चरबीतल्या हायड्रोजनाचा सूर पाण्यातल्या हायड्रोजनापेक्षा किंचित वेगळा लागतो. त्यामुळे तंत्रज्ञाला चरबीचा तेवढा सूर बंद करता येतो. भजनात पखवाज, टाळ, पेटी सारे वाजत असताना पेटी तेवढी थांबवावी, म्हणजे बाकीचे कोण काय वाजवतो ते उघडे पडते, तसे.

म्हणून एकाच मांडीची दोन चित्रे काढतात. पहिल्यात चरबी पांढरी फेक दिसते. दुसऱ्यात चरबीचा सूर बंद केलेला, म्हणून ती काळी पडते. गाठ जर निव्वळ, साधी मेदाची असेल तर ती कातडीखालच्या चरबीबरोबर पहिल्या चित्रात पांढरी आणि दुसऱ्यात काळी होते. शेजारणीबरोबर उजळते आणि शेजारणीबरोबरच मावळते. तिच्यात एखाददुसरा बारीक धागा दिसला तरी चालतो. पण ते धागे दोन मिलिमीटरहून जाड असले, काळ्या झालेल्या गाठीत एखादी गुठळी पांढरीच्या पांढरी राहिली, गाठ दहा सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असली, तर जाणकाराचा डोळा तिथे अडतो. दादाच्या चित्रात काळ्या डोहात तीन-चार जाड पांढऱ्या दोऱ्या आणि हरभऱ्याएवढा एक पांढरा दाणा होता. मी पोरांना नेहमी सांगत आलो, "छायेतला प्रकाश कुठून आला ते शोधा." त्या दिवशी तो दाणा पाहताना ते वाक्य घशात अडकले.

आणखी एक गोष्ट त्या चित्राने दाखवली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गाठ स्नायूंवरच्या पातळ पांढऱ्या आवरणाच्या वर नव्हती. खाली होती, स्नायूंच्या मध्ये शिरलेली. अंगठ्याला जे लागत होते ते नुसते टोक. भाट्याच्या समुद्रात भरतीच्या वेळी खडपाचे टोक तेवढे पाण्यावर दिसते. पोहणाऱ्या पोरालासुद्धा ठाऊक असते की, त्याखाली किती पसारा आहे ते टोकावरून सांगता येत नाही. अंगठ्याला ठाऊक नसते.

आमचे एक स्नेही आहेत, वकील. ते या सगळ्यावर म्हणतात, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हण मोठी झोकदार आहे. पण वकीलसाहेब, काकण हाताच्या वर असते! ते कातडीखाली चार बोटे आत घातले असते तर तुम्हीही आरसा मागितला असतात.

दुसरे गृहस्थ वैद्यकीचे अभिमानी. "हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्याकडे सुश्रुताने सारे लिहून ठेवले आहे." लिहून ठेवले आहे ना! मग ते वाचा की. सुश्रुताने ग्रंथी निराळी सांगितली, अर्बुद निराळे सांगितले, आणि मेदाच्या गाठीला आणखी वेगळे स्थान दिले. सगळ्या गाठींना एका अंगठ्याने "काही नाही" म्हणावे असे त्याने कुठे म्हटल्याचे मला आढळले नाही. भेद करा, हेच तर तो शिकवतो. त्याच्याजवळ चुंबक नव्हता, हा काही त्याचा दोष नव्हे. आपल्याजवळ आहे आणि आपण तो वापरीत नाही, याला मात्र काय म्हणावे?

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या जिल्ह्यात एका एमआरआयला जाणारे काही हजार रुपये म्हणजे कित्येक घरांत महिन्याची शिधासामग्री. परंतु कोण म्हणतो की प्रत्येक आवाळवाला एमआरआय हवा? पहिली पायरी सोनोग्राफीची आहे. तिला किरण नाहीत, सुई नाही, आणि तिचा खर्च हंगामातल्या चांगल्या हापूसच्या एका पेटीहून अधिक नसतो. गाठ आवरणाच्या वर आहे की खाली, तिची कड नेटकी आहे की नाही, तिच्यात रक्ताचा पुरवठा अवाजवी आहे का, हे सराईत हात सोनोग्राफीवर पुष्कळदा सांगतो. लहान, वरची, वर्षानुवर्षे तशीच राहिलेली मऊ गाठ असेल तर गोष्ट तिथेच संपते. पुढे पाठवायच्या त्या मोजक्याच. पाच सेंटिमीटरच्या वरची, वाढत चाललेली, खोल गेलेली, दुखणारी, आणि एकदा काढून पुन्हा आलेली. इंग्लंडात लोकांना माप समजावे म्हणून गोल्फच्या चेंडूचे उदाहरण देतात. रत्नागिरीत गोल्फ कोण खेळतो? आपण कारीट धरू. पायाखाली चिरडतो त्या कारिटाहून मोठी गाठ असेल तर ती अंगठ्याच्या अधिकारातली राहिली नाही.

पण सोनोग्राफीच्या वाटेत पैशांहून मोठी एक धोंड आहे, ती लाजेची. आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाई, हे समीकरण पक्के. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी असते, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. १९९४ च्या कायद्याने ती पाटी आणली आणि फार चांगले केले. पण त्या पाटीखाली बाकावर सहा बायकांच्या रांगेत बसायला आमचे मिशाळ पुरुष तयार नसतात. दादाने नंतर मला कबूल केले, "अरे, मला तेव्हा कुनी सोनोग्राफी सांगितली असती तरी मी गेलो नसतो. लोक काय बोलले असते?" आता सांगा, या माणसाला काय म्हणावे! मांडी गेली तरी चालेल, मिशी राहिली पाहिजे.

असो. एक बाजू झाली. दुसरी बाजू सांगितली नाही तर मी पक्षपाती ठरेन, आणि घरात बायको हा लेख वाचणार आहे.

दादाच्या प्रकरणानंतर वर्षभरात हिच्या हाताच्या दंडाला सुपारीएवढी गाठ लागली. मी आधीच धास्तावलेला. एका ठिकाणी गेलो तर तिथल्या गृहस्थांनी हात न लावताच एमआरआयची चिठ्ठी फाडली, तीही शिरेतून औषध देऊन करायच्या एमआरआयची, आणि जायचे कुठे तेही सांगितले. सुपारीएवढी गाठ, कातडीच्या लगेच खाली, बोटाखाली माशासारखी निसटणारी. हीच शेवटी म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगत असता ना, आधी सोनोग्राफी?" बायकोने नवऱ्याचे शब्द नवऱ्याच्या तोंडावर फेकण्याचा तो सोहळा मी निमूटपणे सोसला. सोनोग्राफीत साधी मेदाची गाठ निघाली. ती अजून तिच्या दंडावर आहे आणि सुखाने नांदते आहे.

तेव्हा अंगठेबहाद्दर दोन जातींचे असतात. एक, जे चित्राशिवाय अंगठा उमटवतात. दुसरे, जे चित्र आले की त्याखाली डोळे मिटून अंगठा उमटवतात. दुसऱ्या जातीचे मला जास्त भय वाटू लागले आहे, कारण त्यांच्या हातात इंग्रजी कागद असतो. रोगी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गावोगाव हिंडवतो आणि त्यातला "संशय" हा शब्द कुणीतरी "कॅन्सर" म्हणून वाचून दाखवतो. घरात रडारड सुरू होते. वास्तविक अमेरिकेत २००४ साली चरबीच्या १२६ गाठींच्या एमआरआयचा हिशेब प्रसिद्ध झाला, तो काय सांगतो? ज्या गाठींना चित्र पाहून साधी गाठ म्हटले त्या साध्याच निघाल्या. इथे चित्र खरे ठरले. पण ज्यांच्यावर संशय घेतला त्यांतल्या निम्म्याहून अधिक शेवटी निरुपद्रवीच ठरल्या! मार लागून आतली थोडी चरबी मेली, गाठ स्नायूत वाढली, तरी चित्रात दोऱ्या आणि दाणे दिसू शकतात. म्हणजे चित्र "नाही" म्हणाले तर त्याच्यावर विसंबावे, "असेल" म्हणाले तर घाबरून न जाता पुढच्या दारी जावे. चित्र म्हणजे पंचनामा. पंचनाम्यावर कुणाला फाशी देत नाहीत, आणि पंचनामा न करता कुणाला निर्दोषही सोडत नाहीत.

न्यायाधीश बसतो तो सूक्ष्मदर्शकापाशी. दादाच्या गाठीचा तुकडा चित्र पाहून नेमक्या जागेतून सुईने काढला, कारण सुई त्या पांढऱ्या दाण्यात जायला हवी होती. शेजारच्या साध्या चरबीत गेली असती तर तिने पुन्हा "काही नाही" असेच सांगितले असते. मग बाराव्या गुणसूत्रावरच्या एमडीएम२ नावाच्या जनुकाची तपासणी झाली. साध्या मेदाच्या गाठीत या जनुकाच्या वाजवी प्रती असतात, या दुसऱ्या जातीत त्यांची बेसुमार भर पडलेली असते. दादाच्या तुकड्यात ती पडलेली होती.

रोगाचे नाव मात्र मोठे गमतीचे निघाले. मी कादंबऱ्या लिहिणारा, नावांचा शौकीन, म्हणून विचारले. हीच गाठ, सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब हीच, हातापायात असली तर तिला कर्करोग न म्हणता 'विलक्षण मेदगाठ' अशा अर्थाचे सौम्य नाव देतात. पोटाच्या आत पाठीच्या कण्यापुढे असली तर तिलाच 'लायपोसारकोमा', म्हणजे मेदाचा कर्करोग म्हणतात. का? तर मांडीतली गाठ मुळासकट काढता येते. पोटातली आतडी, मूत्रपिंड, मोठ्या रक्तवाहिन्या यांना कवळून बसते आणि पुन्हा पुन्हा येते. मांडीतली गाठ सहसा दूर कुठे पसरत नाही, पण जागच्या जागी परतते, आणि क्वचित कधी स्वभाव पालटून उग्र होते. आणि पोटातली? तिला तर अंगठाही लागत नाही. माणूस म्हणतो, पोट सुटले आहे. लोक म्हणतात, खातेपिते घर आहे. हात-पाय काटकुळे आणि पोट तेवढे वाढते आहे, असा कुणी घरात असेल तर त्याची थट्टा करण्याआधी सोनोग्राफी करा आणि लागलाच तर सीटी स्कॅन.

मुंबईत दादाची दुसरी शस्त्रक्रिया झाली. पहिल्या सुरीचा स्पर्श जिथवर पोचला होता ती सारी जागा आता संशयित. जुना व्रण, त्याखालचे मांस, स्नायूचा एक मोठा पट्टा, सारे काढावे लागले. पहिल्याच वेळी चित्र काढून गाठ तिच्या आवरणासकट नीट काढली असती तर बहुधा इतके मांस गेले नसते, असे त्यांनी सांगितले. बहुधा, म्हणाले. डॉक्टर मंडळी असे शब्द तोलून वापरतात. मला तोलवत नाहीत. दादा आता चालतो, पण उजवा पाय जरा ओढतो. आंब्यावर चढणे बंद. बांबूच्या घळाने आंबे उतरवणाऱ्या गड्यांना तो खालून ओरडून सूचना देतो, आणि तेही त्या हसत ऐकून घेतात.

काढलेली ती पहिली गाठ बादलीत गेली, हे मात्र मला आजही सोसत नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तिथला पॅथॉलॉजीचा विभाग उभा केला तो वसंत रामजी खानोलकर या आपल्याच गोमंतकीय माणसाने. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा काचेवर घेऊन, रंगवून, डोळा लावून पाहावा, ही विद्या इतक्या वर्षांपूर्वी मुंबईत रुजवली गेली. त्या मुंबईपासून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आमच्या गावची गाठ बादलीत जाते! फॉर्मॅलिनची बाटली काही सोन्याची असते का? तुम्हीच मागा. लग्नात आलेल्या आहेराची यादी ठेवणारी माणसे आपण. अंगातून काढलेल्या मांसाची पावती का मागत नाही?

आणि रत्नागिरीच्या माणसाला हे सारे परके वाटावे, याचा तर मला सर्वांत राग येतो. आमचा सारा संसार हापूसवर. हापूसचा वैरी कोण? साका. वरून आंबा केशरी, सुगंधी, डाग नाही, सुरकुती नाही. कापला की आत पांढुरकी स्पंजासारखी सडकी जागा. बागाईतदाराला विचारा, "अंगठ्याने दाबून साका सांगाल का?" तो तुम्हाला वेड्यात काढील. या साक्यापायी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नव्या जाती तयार केल्या. १९९३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संशोधकांनी हापूस न कापता, क्ष-किरणांच्या चित्रावरून आतला साका ओळखता येतो, असे दाखवून दिले. आंब्याचा फोटो काढायला अणुशास्त्रज्ञ बसले! मी त्यांना नावे ठेवीत नाही, पेटी परदेशी जायची तर तेही हवे. पण ज्या दादाने जन्मभर आंब्याच्या देठापासून टोकापर्यंत संशय घेतला, त्याने स्वतःच्या मांडीवर मात्र एका अंगठ्याचा शब्द प्रमाण मानला. हे मी त्याला तोंडावर म्हटले आहे. तो म्हणाला, "आंबा इकायचा असतो रे."

यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.

मध्यंतरी आमच्या शाळेतल्या कारकुनांनी मधल्या सुटीत मला बाजूला घेतले आणि सदऱ्याची कॉलर ओढून खांद्यामागची गाठ दाखवली. "मास्तर, काय नाय ना ही?" मी दप्तरातून फूटपट्टी काढली. सहा सेंटिमीटर भरली. म्हटले, हा माझा अंगठा मी खिशात ठेवतो, तुम्ही सोनोग्राफीला जा. ते चार दिवस टाळत राहिले. पाचव्या दिवशी मीच रिक्षा बोलावली आणि त्या पाटीखाली, बायकांच्या रांगेत त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. एक पोटुशी पोर आम्हा दोघांकडे पाहून पदराआड हसली. हसू दे.

गाठ आवरणाच्या वर, नेटकी, साधी मेदाची निघाली. "वाढली किंवा दुखली तर पुन्हा या," एवढेच डॉक्टरांनी सांगितले. कारकून बाहेर आले ते रिपोर्ट हलवीतच. "बघा, मी म्हणत नव्हतो? फुकट माझे पैसे घालवलेत, मास्तर!" असे म्हणून त्यांनी सोनोग्राफीचा खर्च आणि रिक्षाचे भाडे मिळून अर्धा हिशेब माझ्या नावावर मांडला.

मी तो तिथल्या तिथे देऊन टाकला.